कॉनेल वाचा, पण ताराबाईंना ‘पार्श्वभूमी’त ढकलू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लग्न जमत नसलेल्या शेतकरी तरुणांवर एम.ए.चा प्रबंध करताय, गाईड म्हणतात ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांची चौकट लावा, आणि त्यांच्या चार प्रकारच्या पुरुषत्वांपैकी (वर्चस्ववादी, त्याला साथ देणारं, दुय्यम आणि परिघावरचं) ही मुलं कशात टाकायची ते कळत नाहीये. शिवाय बाहेरची थिअरी घ्यायलाच हवी का, हेही.

टाकूच नका कशात. मी बरीच वर्षं असे प्रबंध वाचतोय. दरवर्षी एक तरी येतोच, ज्यात वीस मुलाखतींची चार डब्यांत वाटणी केलेली असते. कॉनेलबाईंनी हे प्रकार माणसांचे म्हणून सांगितलेच नाहीत, ते संबंधांचे आहेत. एकच माणूस घरात एका जागी असतो आणि बँकेत पीककर्जाला गेला की दुसऱ्या.

गोंधळाला थोडं आपलं भाषांतरही जबाबदार आहे. ‘वर्चस्ववादी पुरुषत्व’ म्हटलं की मिशीला पीळ देणारा, बायकोवर हात उचलणारा गडी डोळ्यांसमोर येतो. इटालियन विचारवंत ग्रामचीच्या हेजेमनीसाठी मराठीत ‘धुरीणत्व’ हा शब्द आहे, तो इथे जास्त चपखल बसतो. धुरीण म्हणजे ज्याच्या मागे इतर आपणहून चालतात तो. ‘पुरुष असावा तर असा’ हे ज्याच्याकडे बघून ठरतं, आणि ज्यांना तसं होणं जमत नाही तेही ते मान्य करतात, ते धुरीण पुरुषत्व.

आता डिसेंबर २०२२ मधला सोलापूरचा मोर्चा आठवा. लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, काही चक्क घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. मागणी काय, तर लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा नीट राबवा. बातम्यांनी त्याची गंमत केली. तुम्ही करू नका, सगळा प्रबंध त्यात आहे. पूर्वी बागायत जमीन म्हणजे चांगलं स्थळ होतं. आता मुलाला शेती हवी, पण मुलगा शेतकरी नको. जमीन तिथेच आहे, मान मात्र पगाराच्या चिठ्ठीकडे सरकला. आणि मुली कमी कुणी केल्या? जमिनीला वारस हवा म्हणणाऱ्या घरांनीच ना? या मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘बहिणीसाठी स्थळ बघताना तुम्ही काय बघितलंत?’ मी एकाला विचारला होता. तो आधी हसला, मग चप्पल पायात सरकवत म्हणाला, ‘नोकरीवालाच बघितला, सर.’ धुरीणत्वाची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

बाहेरच्या थिअरीबद्दल. गंमत अशी की याची सगळ्यात कडक उलटतपासणी कॉनेल यांनीच केलीय. २००७ च्या ‘सदर्न थिअरी’त त्या दाखवतात की युरोप-अमेरिकेत बसून लिहिलेलं समाजशास्त्र स्वतःला सगळ्या जगाचं म्हणवतं, आणि बाकीच्या जगाकडून त्याला हवा असतो फक्त डेटा. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलाँ हुंतोंजी यांचा दाखला त्यात येतो: आपण माहिती गोळा करायची, सिद्धांत तिकडे बनणार, आणि तो शिकायलाही आपण तिकडेच जायचं. वऱ्हाडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कापूस आमचा, कापड मँचेस्टरचं.

त्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या, नवजात बाळाला मारल्याच्या खटल्याचं, आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर उडवलेल्या चिखलाचं. ताराबाईंनी उलट पुरुषालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. बायको मेली की तुम्ही दुसरी करता, मग नवरा मेल्यावर बाईनेच का मरेपर्यंत कोंडून घ्यायचं, असा त्यांचा रोख. पुरुषाला माणसाचा नमुना न मानता पुरुष म्हणून तपासणं हे कॉनेल यांच्या शंभर वर्षं आधीचं काम. आणि आपल्या प्रबंधांत ते कुठे असतं? पहिल्या प्रकरणात, ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’त, दीड परिच्छेद. सैद्धांतिक चौकटीत मग सगळी गोरी नावं. ताराबाईंना तिथे आणा, कॉनेलच्या शेजारी. पूजा करायला नव्हे, वाद घालायला. त्या मराठा घरातल्या होत्या, हे लक्षात ठेवून वाचा.

जातीवरून आठवलं. त्याच गावातल्या भूमिहीन दलित तरुणाचं लग्न का जमत नाही, ही गोष्ट वेगळी आहे. तो तुमच्या यादीत नसेल तर आजच घाला. जात आणि स्त्रीप्रश्न एकत्र बघणाऱ्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचं लेखन आधी वाचा, मग प्रश्नावली करा. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांनी उभ्या केलेल्या मुंबईच्या ‘मावा’ संघटनेच्या ‘पुरुष स्पंदनं’ या दिवाळी अंकाचे जुने अंक मिळाले तर सोडू नका. त्यात पुरुषांनी स्वतःबद्दल मराठीत लिहिलंय, आणि तुमच्या मुलाखतींत येणारी भाषा तशीच असणार आहे.

एक बारीकशी सूचना: ग्रंथालयात जुनी पुस्तकं ‘आर. डब्ल्यू. कॉनेल’ या नावाने लागतात. दोन वेगळे लेखक समजून संदर्भसूचीत दोनदा घालणारे विद्यार्थी मी पाहिलेत.

आणि फक्त मुलांशी बोलून परत येऊ नका. त्यांच्या आयांशी बोला, शक्यतो मुलगा समोर नसताना.