धंदा चाललाय, मन लागत नाही

"मॅडम, धंदा बुडत असता तर बरं झालं असतं. निदान कुणाला सांगता तरी आलं असतं."

नोव्हेंबरातली दुपार. ताई रत्नागिरीच्या बाजारात रिकाम्या बाटल्या आणि बुचं घ्यायला आल्या होत्या. गोण माझ्या समुपदेशनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठेवून आत आल्या आणि खुर्चीत बसता बसता हे बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

वय 46. गाव पावसच्या पुढे, समुद्राकडे. बारा वर्षांपूर्वी घराच्या पडवीत आमसुलं आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करायला सुरुवात केली. आता मागे पत्र्याची शेड आहे, पाच बायका कामाला येतात, आमसुलांबरोबर अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी होते आणि पावसाळ्यात कुळथाचं पीठ. कर्ज फिटलंय. मुलगा पुण्यात नोकरीला लागलाय. गिऱ्हाईक ठरलेलं, दुकानं ठरलेली, भाव ठरलेले.

"हंगाम जवळ आला की अंगावर काटा येतो. हंगाम संपला की दिवस सरत नाही. पहाटे जाग येते आणि वाटतं, परत तेच."

घरात प्रत्येकाकडे औषध तयार होतं. भाचा म्हणत होता, वाढवा: केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी 2020 पासून योजना आहे, 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, मशीन घ्या, पुण्यात माल पाठवा. यजमान म्हणत होते, चाललंय ते नीट चालू द्या. आणि सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला होता: "सुख टोचतंय."

हे तिसरं वाक्य सगळ्यात खोल गेलं होतं. ताई सारख्या त्यावरच येत होत्या.

"वाढवू की बंद करू" हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. गुहागरला घरगुती पर्यटक निवास चालवणारं जोडपं, शिवणकाम करणाऱ्या एक बाई, इंजिन दुरुस्तीवाले. सगळ्यांचं बोलणं "तसं काही वाईट नाही" या शब्दांनी सुरू होतं आणि सगळ्यांना तक्रार करायची लाज वाटते. तंगीत असलेल्या माणसाला कंटाळ्याची चैन परवडत नाही, हे खरंच आहे. पण म्हणून ज्याला कंटाळा आलाय त्याचा कंटाळा खोटा ठरत नाही.

आधी एक गोष्ट तपासावी लागते. कंटाळा आणि नैराश्य बाहेरून सारखे दिसतात. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, जगण्याचा वीट आला असेल, तर धंद्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. आमच्याकडे त्यासाठी नऊ प्रश्नांची एक सोपी चाचणी असते. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले की गांभीर्याने घ्यायचं. ताईंना 6 आले, तेही मुख्यतः थकव्याचे. गणपतीत त्या रात्रभर भजनाला बसल्या होत्या, भाचीच्या बारशाला हौसेने गेल्या होत्या. गोडी सगळीकडची गेली नव्हती, फक्त शेडमधली गेली होती. तरी रक्त तपासून घ्या म्हटलं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन 10 च्या खाली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पुढच्या दोन महिन्यांत कंटाळ्याचा थोडा भाग त्या गोळ्यांनीच नेला. समुपदेशकाने हे कबूल करायला हरकत नसावी. (घराजवळ कुणी नसेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे, फुकट आणि मराठीतही बोलता येतं.)

पहिल्या भेटीत मी चूक केली. वाढवण्याचे फायदे-तोटे, बंद करण्याचे फायदे-तोटे, असे चार रकाने आखून दिले. पंधरा दिवसांनी ताई वहीची दोन पानं सुवाच्य अक्षरात भरून घेऊन आल्या आणि होत्या तिथेच होत्या. त्यांना हिशेब येतोच. बारा वर्षं धंदा केलेल्या बाईला मी रकाने शिकवत होते.

वही मिटली आणि सहज विचारलं, "या बारा वर्षांतलं तुमचं सगळ्यात चांगलं वर्ष कुठलं?"

मला वाटलं, ज्या वर्षी कर्ज फिटलं ते सांगतील.

"वादळाचं," त्या म्हणाल्या.

2021 चा मे, तौक्ते. 16 तारखेला वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. आंबापोळीची ताटं वाळत टाकलेली, आमसुलांना कोकमाच्या रसाचं चौथं पूट चढलेलं. शेडचे पत्रे शेजारच्या बागेत जाऊन पडले. वीज गेली ती लवकर आली नाही. ताई सांगत होत्या आणि सांगता सांगता खुर्चीच्या कडेला आल्या होत्या: ओल्या साली चुलीच्या वर शिंकाळ्यांत कशा टांगल्या, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून गावभर फिरून कशा गोळा केल्या, रात्री कंदिलाच्या उजेडात बायकांनी गाणी म्हणत त्या कशा चिरल्या. "त्या वर्षी पैसे बुडाले हो. पण रोज सकाळी उठून काहीतरी नवीन डोकं लावायला लागायचं."

मग आधीची वर्षं निघाली. पहिली फणसपोळी ताटाला अशी चिकटली की ताटासकट टाकावी लागली. कापा फणस घेतला होता, बरका हवा, हे तेव्हा कळलं. मीठ कमी पडून आगळ फसफसलं आणि कपाटात बुचं उडाली. ताई हसत होत्या. नोव्हेंबरापासून पहिल्यांदा.

मिहाय चिकसेंटमिहाई नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. माणूस कामात तहानभूक केव्हा विसरतो, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काम आपल्या आवाक्याच्या फार बाहेर असेल तर घाबरायला होतं, आणि हात कामापेक्षा फार पुढे गेला असेल तर कंटाळा येतो. ताईंचा हात पुढे गेला होता. आमसुलांची सात पुटं त्या आता डोळे मिटून देतात, बोटाने साल दाबली की किती ऊन अजून लागेल ते कळतं. हे कौशल्य मिळवायला बारा वर्षं गेली. मिळालं, आणि त्याच दिवशी गंमत गेली.

पण सगळीच गंमत गेली का? त्यासाठी त्यांना एक काम दिलं. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज दोनच गोष्टी लिहायच्या: आज कुठल्या कामात घड्याळाकडे बघितलं, आणि कुठल्या कामात बघायचं राहून गेलं. कारणं लिहायची नाहीत.

तीन आठवड्यांनी डिसेंबरचं पान फाडून आणलं. घड्याळ बघायला लावणारी कामं तीच तीच होती. लेबलं चिकटवणं, बिलं, दुकानदारांना फोन, आणि सगळ्यात जास्त वेळा उधारीची वसुली. घड्याळ विसरायला लावणारी कामं फक्त दोन. एकदा शेजारची मुलगी आवळ्याचं सरबत का काळं पडतंय ते विचारायला आली होती, तेव्हा दुपारभर दोघी लोखंडी आणि स्टीलच्या पातेल्यांत करून बघत बसल्या. आणि एकदा मेतकुटाची डाळ वेगळ्या आचेवर भाजून बघितली होती.

ताई पान बघत म्हणाल्या, "म्हणजे मला आमसुलांचा कंटाळा नाही. मला दुकानदार झाल्याचा कंटाळा आलाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निघायची वाट बघत होते असं म्हणणं खोटेपणा होईल. मला ते तोवर सुचलंच नव्हतं.

आता भाच्याचा सल्ला त्या पानाशेजारी ठेवून बघा. धंदा दुप्पट झाला तर काय दुप्पट होणार? लेबलं, बिलं, फोन, उधारी. भाचा चुकीचं सांगत नव्हता, योजना खरी होती, किमान 10 टक्के आपले आणि उरलेलं बँकेचं कर्ज, कुणाला तरी ती नक्की फळली असेल. पण कंटाळ्यावर उतारा म्हणून कर्ज काढणं हे मला कायम धोक्याचं वाटतं. कर्जाने काही काळ धावपळ होते, आणि धावपळीत कंटाळा दिसत नाही इतकंच.

सासूबाईंच्या वाक्यावरही बोलावं लागलं. ताईंच्या मनात त्याची दोन पिल्लं झाली होती: "बाकीच्या बायका खस्ता खातात, मला कंटाळायचा हक्क नाही", आणि "मी उभी केलेली शेड, तर प्रत्येक काम माझ्या हाताखालून गेलंच पाहिजे". "असं झालंच पाहिजे" हा हट्टच माणसाला छळतो असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस ज्यांना माहीत आहेत त्यांना हा "च" ओळखीचा वाटेल. पहिल्या वाक्याचं लवकर निभावलं. कंटाळणं म्हणजे कृतघ्न होणं नव्हे, हे त्यांना भजनाच्या उदाहरणावरूनच पटलं: रोज तोच अभंग म्हटला तर विठ्ठल रागावत नाही, आपणच चाल बदलतो. दुसरं वाक्य मात्र चिवट निघालं.

एक नियम मी कोकणात सगळ्यांनाच सांगते. मोठा निर्णय मे महिन्यात घ्यायचा नाही, कारण तेव्हा अंग मोडलेलं असतं आणि सगळं बंद करावंसं वाटतं. गणपतीतही घ्यायचा नाही, कारण तेव्हा चाकरमानी येऊन डबे भरून नेतात, तोंड भरून कौतुक करतात आणि सगळं वाढवावंसं वाटतं. शिमग्याच्या आगेमागे ठरवायचं. ताईंनी शिमग्यानंतर ठरवलं: एक हंगाम बिलं, लेबलं आणि उधारी कामाला येणाऱ्या एका वहिनींकडे द्यायची, पगार वाढवून. बारावी झालेल्या, हिशेबाला पक्क्या. हंगाम संपला की बघू.

मे महिन्यात फोन आला. वहिनींनी अमृत कोकमाच्या दीडशे बाटल्यांवर पॅकिंगची तारीख चुकीची लावली होती. "मी परत माझ्याकडे घेते सगळं. मला वाटलंच होतं."

मी विचारलं, "पहिल्या वर्षी तुमच्या किती बाटल्या फुकट गेल्या होत्या?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "लेबलं सोलून परत लावतोय आम्ही." आणि फोन ठेवला.

उधारीचं तर उलटंच झालं. ताईंना दुकानदारांकडे पैसे मागायचा संकोच, बारा वर्षांची ओळख. वहिनींना कसली भीड? दुकानात जाऊन बाकावर बसायच्या, चहा प्यायच्या आणि पैसे घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. दोन जुन्या थकबाक्या जूनच्या आत वसूल झाल्या.

आणि ताईंचा मोकळा झालेला वेळ? मला वाटलं होतं त्या शिकवणीचे वर्ग काढतील, दिनदर्शिकेचं पान तेच सांगत होतं. त्यांनी निवडलं मुठेल. कोकमाच्या बिया इतकी वर्षं त्या व्यापाऱ्याला मातीमोल भावाने देत होत्या. त्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर वाटून पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल काढून घ्यायचं. थंड झालं की घट्ट होतं, मग मुठीत वळून ठेवायचं. थंडीत भेगाळलेल्या टाचांना याच्यासारखं दुसरं काही नाही. गावात हे नीट येणारी एकच बाई उरली होती. सासूबाई.

पावसाळा, म्हणजे ताईंचा सगळ्यात वाईट काळ, चुलीपाशी गेला. पहिल्या वेळेला गर भरड राहिला आणि तेल वर आलंच नाही. दुसऱ्यांदा पाणी आटलं आणि करपलं. सासूबाई पाटावर बसून नावं ठेवत होत्या. बारा वर्षं मालकीण असलेली बाई पुन्हा शिकाऊ झाली होती.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच वर्षी हर्णैचे एक गृहस्थ आले होते, होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करणारे. त्यांनाही तेच पान भरायला दिलं, तर महिनाभरात घड्याळ न बघितलेला एकही दिवस नव्हता. मासेमारीबंदीत, जून-जुलैत, जेव्हा इंजिनं खोलायची खरी कामं येतात, तेव्हाही नाही. त्यांनी गाळा हाताखालच्या पोराला भाड्याने दिला आणि चिपळूणला नोकरी धरली. ते सुखात आहेत. मी त्यांना थांबवलं नाही, थांबवायला माझ्याकडे काही कारणही नव्हतं.

ताई शेवटच्या आल्या त्या गौरीगणपती झाल्यावर. भाच्याचा अर्ज अजून कपाटात आहे म्हणाल्या, फाडला नाही. वहिनींना हंगाम संपला तरी तेच काम दिलंय. मुठेल विकायचं की नाही ते ठरलेलं नाही, सासूबाईंच्या मते अजून विकण्यासारखं झालेलं नाही.

उठताना पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक पिवळट गोळा काढून टेबलावर ठेवला.

"टाचांना लावा. धुराचा वास येतोय तेवढा चालवून घ्या. चूल बदललीय, पुढच्या खेपेला नाही येणार."