नाशिकजवळ दमछाक न होता फिरता येतील अशा माळरान, डोंगर आणि नदीकाठच्या वाटा कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला मुलीकडे राहून आलात, तिकडे रोज मूरलँडवर, म्हणजे तिकडच्या उंचावरच्या मोकळ्या माळरानावर, फिरायची सवय लागली, आता नाशिकला आलात, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, आणि ज्याला विचारावं तो हरिहर किल्ला सांगतो. तर आधी हरिहर डोक्यातून काढून टाका. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, एका वेळी जेमतेम एक माणूस जाणार, शनिवार-रविवारी वरचे खाली अडलेले आणि खालचे वर. रील बघायला छान आहे, तिथे रांगेत लटकून उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

मी पण आधी माथा गाठल्याशिवाय न फिरणारा होतो बरं का. चार वर्षांपूर्वी रामशेज किल्ला उतरताना ऑक्टोबरच्या कोरड्या मुरमावरून पाय सटकला, गुडघा असा मुरगळला की दोन महिने जिना चढता येईना. ते झाल्यावर बायको म्हणाली, वर काय ठेवलंय एवढं, खालूनच डोंगर बघू की. तेव्हा राग आला, पण तिच्या त्या एका वाक्यामुळे आमचं फिरणं बदललं आणि तुम्हाला पण तेच सांगतोय, की डोंगराच्या पदरातून चाला.

पदर म्हणजे काय तर आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यातला कठीण थर कडा म्हणून उभा राहतो आणि मऊ थर झिजून सपाटी होते. त्यामुळे बहुतेक डोंगर एकदम टोकदार नसतात, मध्ये मोठमोठे सपाट टप्पे असतात, गवत, थोडी झाडी, गुरं चरतात, मागे कडा, पुढे मोकळी दरी. तुमच्या मूरच्या जवळ जाणारं आपल्याकडे हेच. फरक एवढाच की तिकडे पायवाट नकाशात छापलेली असते आणि तिच्यावरून चालायचा कायदेशीर हक्क असतो, इकडे वाट म्हणजे गुराख्याची नाहीतर कोणाच्या तरी बांधावरची, तेव्हा दिसेल त्याला "दादा, इकडून गेलं तर चालेल ना?" विचारायचं. आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट एकदा भुईमुगाच्या शेंगा ओंजळभर घेऊनच पुढे जावं लागलं.

यात पहिला नंबर अंजनेरी. त्र्यंबक रोडने साधारण वीस किलोमीटर, अंजनेरी फाट्याला उतरायचं, गाडी असेल तर गावातून वर वनखात्याच्या गेटच्या आसपास जाते. तिथून पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला कातळ आणि मध्ये खिंडीतून वाट, मध्येच एक छोटं जैन लेणं लागतं. आमच्या कासवाच्या चालीने सव्वा तासात पठारावर. आणि पठारावर आलं की झालं, पुढे चढ घ्यायची गरजच नाही! अंजनीमातेचं मंदिर आहे, पुढे तळं आहे, आणि गवताचा एवढा मोठा सपाट पसारा की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढग तुमच्या अंगावरून जातात. लोक तळ्यावरून पुढे अजून एक चढ चढून सगळ्यात वरच्या मंदिरापर्यंत जातात, तिथे उंची साधारण 4,200 फूट, जायचं तर जा, आम्ही तळ्याशी बसून डबा खातो आणि पठारावरच दोन-तीन तास भटकतो. गिधाडं दिसतात, कड्यांमध्ये त्यांची घरटी आहेत. याच पठारावर एक कंदीलपुष्प पहिल्यांदा सापडलं म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, पावसाळ्यात फुलतं, बोटभर फूल, शोधायला डोळे फाडावे लागतात आणि सापडलं तरी हात लावायचा नाही. गाड्यांना वरपर्यंत रस्ता करायचं मध्ये घाटत होतं, निसर्गप्रेमींनी विरोध केला, मी पण त्यांच्याच बाजूचा. माकडांपासून मात्र सांभाळा, हातातली प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे त्यांना आमंत्रण. उतरल्यावर अंगात जोर असेल तर गावातली जुनी पडकी मंदिरं बघा, तिकडे कोणी फिरकत नाही.

रामशेज मी पडलो म्हणून वाईट नाही हो. पेठ रोडला पंधरा किलोमीटरच्या आत, आशेवाडी गावातून वर जायचं, पाऊण-एक तास. 1682 ला मुघलांनी वेढा घातला आणि हा एवढासा डोंगर मराठ्यांनी पाच वर्षांच्या वर लढवला. खालून बघितलं तर पटत नाही, वर गेल्यावर चारही बाजूचं मोकळं रान दिसतं मग कळतं की कोणी लपून येऊच शकत नव्हता. सकाळी सातच्या आत सुरू करा कारण सावली नाही, आणि उतरताना काठी.

अजून एक जागा जिथे आमचे अर्धे नातेवाईक गेलेलेच नाहीत, ती म्हणजे पट्टा उर्फ विश्रामगड. सिन्नर, ठाणगाव करत पट्टेवाडीला जायचं, गाडी बरीच वर येते, त्यामुळे चढ नावापुरता. जालन्याच्या मोहिमेहून परतताना 1679 मध्ये महाराज इथे विश्रांतीला थांबले म्हणून विश्रामगड. माथा लांबच लांब, सपाट, वारा असा की टोपी हातात धरावी लागते, आजूबाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या. तुम्हाला यॉर्कशायरची आठवण कुठे येणार असेल तर इथेच येईल असं माझं मत, फक्त तिकडच्या हेदरच्या जांभळ्या झुडपांच्या जागी सोनकीची पिवळी फुलं.

नदीचं म्हणाल तर गोदावरीचा गावातला घाट फिरायला नको, गर्दीच गर्दी. नांदूरमध्यमेश्वरला जा, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे बंधाऱ्यामुळे साचलेलं उथळ पाणी, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोरे आहेत, सगळं सपाट, चढ शून्य. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जा आणि निफाडच्या थंडीला हसू नका, कानटोपी घ्याच. चक्रवाक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी, नशीब असेल तर फ्लेमिंगो. दुर्बीण नसेल तर निम्मी मजा गेली. एकच सांगतो, त्या सगळ्या पट्ट्यात ऊस आहे आणि ऊस म्हणजे बिबट्या, त्यामुळे अंधार पडायच्या आत गाडीत बसायचं, "अजून पाच मिनिटं" करायचं नाही.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पण पाणी उतरलं की चालायला जागा होते, पण कडेचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत पाय गुडघ्यापर्यंत जातो, तेव्हा गवत असेल तिथूनच.

आणि ब्रह्मगिरीची फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो लोक त्र्यंबकला कुशावर्तात आंघोळ करून डोंगराभोवती चालतात, छोटी फेरी वीस किलोमीटरच्या आसपास, मोठी त्याच्या दुप्पट. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी गेलोय, रात्रभर भाताच्या खाचरातून चिखल तुडवत, पुढे-मागे नुसता "बम बम भोले". आता त्या गर्दीत जायला होत नाही, पण हीच वाट ऑक्टोबरमध्ये तुकड्या-तुकड्याने चाला, भात कापणीला आलेला असतो, वर ब्रह्मगिरीचा कडा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. चढ जवळपास नाहीच.

महिन्यांचं गणित लक्षात ठेवा, कारण डोंगर तोच असला तरी महिना बदलला की तो दुसराच होतो. इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस बेफाम, शहरात त्या मानाने कमी, येवला-सिन्नरकडे अजूनच कमी. जुलैत त्र्यंबककडे गेलात तर ढगाशिवाय काही दिसायचं नाही, आणि पहिने, दुगारवाडी वगैरे धबधब्यांच्या बाजूला पावसाळी रविवारी तर जाऊच नका, ओढ्याला वरून पाणी कधी येतं कळत नाही, लोक पलीकडे अडकून पडलेत. सप्टेंबर ते नोव्हेंबर उत्तम. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वणवे लागतात, काळे डोंगर बघून वाईट वाटतं, तेव्हा नदीकाठच बरा.

शूजबद्दल विचारलंय, तर तिकडचे तुमचे वॉटरप्रूफ बूट ऑक्टोबरपासून इथे पाय उकडतील, साधे चांगल्या ग्रिपचे घ्या. अत्तर-सेंट लावून जाऊ नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात. पाणी माणशी दोन लिटर, वर मिळेल या भरवशावर राहायचं नाही. सुरुवात अंजनेरीनेच करा, पण मंगळवार-शनिवार सोडून, त्या दिवशी हनुमानाच्या भक्तांची गर्दी असते. बुधवारी गेलात तर तळ्याशी आम्ही दोघं भेटू कदाचित, स्टीलचा पाच खणी डबा दिसला की ओळखा.