वाचक विचारतात : अवरक्त प्रकाश पोलरॉइडला का जुमानत नाही?

प्रश्न : दोन पोलरॉइड काचा काटकोनात एकमेकींवर धरल्या की दिव्याचा प्रकाश जवळजवळ बंद होतो, पण टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्याच काचांआडून मोबाइलच्या कॅमेऱ्यात लख्ख दिसतो. मग अवरक्त प्रकाशाचे ध्रुवीकरण (म्हणजे त्याच्या विद्युत्क्षेत्राचे कंपन ठरावीक दिशेत आणणे) करतात तरी कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. पोलरॉइडमधील आयोडीनयुक्त लांब रेणू ताणून एका दिशेने बसवलेले असतात आणि त्या दिशेचे विद्युत्क्षेत्र असलेला दृश्य प्रकाश ते शोषून घेतात. रिमोटच्या साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीला मात्र हे शोषण फारसे उरत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे समांतर तारांची जाळी. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी ती 1888 मध्ये रेडिओलहरींसाठी वापरली, तर 1960 मध्ये बर्ड आणि पॅरिश या संशोधकांनी प्लॅस्टिकवरील सूक्ष्म खाचांवर सोने चढवून ती निकट अवरक्तापर्यंत, म्हणजे दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अवरक्तापर्यंत, आणली.

जाळी नको असलेली दिशा गाळते. रेषीय ध्रुवित (विद्युत्क्षेत्र एकाच रेषेत कंप पावणारा) प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित (विद्युत्क्षेत्राची दिशा गोल फिरत राहणारा) करायचा तर दोन दिशांना वेगवेगळा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाचा वेग कमी करण्याचे प्रमाण, असलेली पट्टी लागते. हा फरक 0.02 असेल, तर कार्बन डायऑक्साइड लेसरच्या 10.6 मायक्रोमीटर प्रकाशासाठी, दोन दिशांत पाव तरंगलांबीचा फरक पडायला, पट्टी सुमारे 132 मायक्रोमीटर जाड हवी. इथेच मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचा स्फटिक उपयोगी पडतो. त्याचे थर दुर्बळ बलांनी जोडलेले असल्यामुळे चिकटपट्टीनेही त्याचे पापुद्रे सोलता येतात. शिवाय एकाच थरात काटकोनातील दोन दिशांचे मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बंध सारखे नसल्याने अणूंची कंपने त्या दिशांना वेगळ्या वारंवारतेने होतात. परिणामी 10.6 मायक्रोमीटरला हा स्फटिक एका दिशेने धातूसारखा परावर्तक, तर दुसरीने पारदर्शक वागतो. त्यामुळे तरंगलांबीहून पातळ पापुद्राही, काहीही न कोरता, ध्रुवीकरण बदलू शकतो. ही सोय मला तरी जाळीपेक्षा देखणी वाटते. दोन पापुद्रे एकमेकांशी तिरके ठेवले, तर उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार प्रकाशाशीही रचनेचे वागणे वेगळे होऊ शकते.

या स्फटिकाविषयीच्या बातम्यांमधून मात्र त्याच्या मर्यादा क्वचितच सांगितल्या जातात. हा गुण अणूंच्या कंपनांजवळच्या तरंगलांबींच्या अरुंद पट्ट्यापुरताच असतो, त्यात काही प्रकाश शोषला जाऊन वाया जातो आणि सोललेले पापुद्रे बहुधा मिलिमीटरहूनही लहान निघतात. आपल्या रिमोटची तरंगलांबी त्या पट्ट्याच्या फार बाहेर आहे. तिथे तारांची जाळी वापरता येते.