आधी महिनाभर कुत्र्याशिवाय कुत्रा पाळ

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही डिचोलीजवळच्या गावात राहतो. शेजारच्या काकीच्या कुत्रीला पिल्लं झालीत, ती महिन्याची आहेत. काकी म्हणते, आठवड्याभरात न्या, नाहीतर दुसऱ्यांना देते. मला त्यातलं तपकिरी हवंय. बाबांची हरकत नाही, पण ते शनिवार-रविवारीच घरी असतात. आई शाळेत शिकवते. ती म्हणते, ‘चार दिवस कौतुक, मग सगळं माझ्या गळ्यात.’ आजी म्हणते, अंगणात तुळस आहे, कुत्रं नको. आईला कसं पटवू?
— पिल्लूवेडी

प्रिय पिल्लूवेडी,

आईचं वाक्य पुन्हा वाच. कुत्रा आवडत नाही, असं ती कुठंच म्हणत नाही. भर पावसात सकाळी सहाला कुत्र्याला बाहेर कोण नेणार, हा तिचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिला आत्ता तरी ‘मीच’ असं दिसतंय. कुत्रे किती प्रेमळ असतात हे तिला सांगत बसू नकोस. आजीला किंवा मावशीला मध्ये घालू नकोस, आणि पिल्लू गुपचूप घरी तर मुळीच आणू नकोस. तसं आणलेलं पिल्लू आठवड्यात परत जातं आणि आईचा नकार कायमचा होतो.

त्यापेक्षा कुत्रा येण्याआधी महिनाभर त्याची कामं कर. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पंचवीस मिनिटं चालून ये, पाऊस असला तर छत्री घेऊन. परत आलीस की एक भांडं घासून त्यात ताजं पाणी भर, अंगणाचा एक कोपरा झाडून काढ. रात्री नऊला पुन्हा पाच मिनिटं बाहेर. कालनिर्णयवर त्या दिवसाची खूण आईनं करायची, तू नाही. तिला तुला हाक मारून उठवावं लागलं, तर तो दिवस धरायचा नाही आणि त्यावर वाद घालायचा नाही. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग चाचणी परीक्षा येते, ताप येतो, कुणाचं तरी बारसं निघतं आणि खाडा पडतो. अशा दिवशी तुझं काम कोण करणार, ते त्या माणसाला विचारून आधीच लिहून ठेव. आईला महत्त्वाचं आहे ते हेच.

याच महिन्यात तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बाबांबरोबर जा. लशी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध, नसबंदी यांचा खर्च विचार आणि वर्षाचा हिशेब एका पानावर मांड.

आता त्या तपकिरी पिल्लाबद्दल. वाईट वाटेल, पण ते घेऊ नकोस. तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांहून जास्त वेळ लघवी धरू शकत नाही. तू आणि आई शाळेत असताना फरशी आजीला पुसावी लागेल. लशी सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर त्याला रस्त्यावर सोडता येत नाही, कारण पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला तर उलट्या आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकतं. शिवाय दात येताना चपला आणि खुर्च्यांचे पाय कुरतडले जातात ते वेगळंच. एखाद्या प्राणी निवाऱ्यातली दोन-तीन वर्षांची, नसबंदी आणि लशी झालेली गावठी कुत्री बघ. तिचा स्वभाव आधीच कळतो आणि ती सहा-सात तास आरामात थांबते.

मादी मुद्दाम म्हणते आहे. आजीचं म्हणणं खरं आहे, नर कुत्रा उभी वस्तू दिसली की पाय वर करतोच आणि वृंदावन अंगणाच्या मधोमध असतं. मादी बहुधा खाली बसूनच लघवी करते. तरी पहिले दोन आठवडे तिला पट्टा लावून परसातल्या एकाच ठरलेल्या जागी ने, काम झालं की लगेच हातावर खाऊ दे. वृंदावनाभोवती कमरेइतकी जाळी लाव. झोपायची जागा सोप्यावर, देवघर आणि स्वयंपाकघर बंद. हे नियम आजीला करू दे, मग ती ते सांभाळेलही.

खाण्यात आपल्या घरांत नेहमी एक चूक होते. उरलेला हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, भात कुत्र्यापुढे ठेवतात. मीठ, तिखट, कांदा, लसूण, शिजलेल्या माशाचे काटे, सगळंच अपायकारक. सुकी मासळी तर नकोच, मिठामुळे. पंधरा किलोच्या कुत्रीला दिवसाला दोन-अडीचशे ग्रॅम कोरडं खाद्य दोन वेळांत पुरतं. घरचं द्यायचं तर बिनमिठाचा भात आणि हाडं काढलेली उकडलेली कोंबडी, पण प्रमाण डॉक्टरांना विचारून.

पावसाळ्यात कानांत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत रोज गोचीड शोधायचे. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचे, रॉकेल लावायचं नाही. कुत्रीनं खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही. त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, तो माणसांनाही होतो. त्याची लस दरवर्षी द्यायची.

आईला चावण्याची भीती असेल तर तिला नीट उत्तर दे. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, मिशन रेबीज या संस्थेची पथकं गावोगाव कुत्र्यांना मोफत लस देत फिरतात. तरीही कुठलाही कुत्रा चावला किंवा नखाचा ओरखडा उठला, रक्त आलं नाही तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच आरोग्य केंद्र गाठायचं. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

आणि चतुर्थीचं काय? तुम्ही मूळ घरी जात असाल, तर ते पाच दिवस कुत्री कुणाकडे? काकीला आत्ताच विचारून ठेव. माझं ऐकशील तर कुत्री दिवाळीनंतर आण. चतुर्थीचे आणि नरकासुराच्या रात्रीचे फटाके नव्या घरात आलेल्या कुत्र्याला सहन होत नाहीत, गेट उघडं राहिलं की तो पळतो आणि सापडत नाही. आईलाही विचार करायला तेवढा वेळ मिळेल.

महिना पुरा करूनही ती नाही म्हणाली, तर कारण विचार. घरात कुणाला दमा असेल, तर तो नकार मान. कारण खर्चाचं किंवा सुट्टीतल्या प्रवासाचं असेल, तर त्या पानावर त्याचं उत्तर लिहून पुढच्या वर्षी पुन्हा विचार.

काकीला मात्र आजच दोन गोष्टी सांग. आठ आठवडे होईपर्यंत पिल्लं आईपासून तोडायची नाहीत, अजून महिनाभर तरी. आणि पिल्लं दूध सुटून गेली, तिचं दूध आटलं, की कुत्रीची नसबंदी करून घ्यायची. दवाखान्यात तारीख घ्यायला तू तिच्याबरोबर जा.