विशेष काही नाही

मुलुंड, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

दुपारी तू कसारा लोकल पकडायला उठलास आणि चहा अर्धा तसाच राहिला. तुला राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला कळलं नाही. मी गप्प बसलो, कारण बोलायला लागलो की मी थांबत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

तू विचारलंस, "काका, हे साधं साधं टाकणं बंद करू का?" सहा महिन्यांत मोबाइलवर पक्ष्यांच्या अकराशे नोंदी, आणि त्यात सगळे बुलबुल, साळुंक्या, होले, कोतवाल, वेडे राघू. ते दादरचे कॅमेरेवाले पाहुणे तुझा मोबाइल बघून हसले म्हणे. त्यांना तुमच्या तानसाच्या जंगलातला रानपिंगळा, ते दुर्मिळ घुबड, हवा होता. तो दाखवलास तर पाचशे जास्त.

बंद करू नकोस. उत्तर संपलं. आता कारण सांगतो, आणि ते सांगताना माझीच लक्तरं बाहेर येणार आहेत.

तू गेल्यावर माळ्यावरून जुनी वही काढली. निळा पुठ्ठा, कडा कसरीने खाल्लेल्या. १६ नोव्हेंबर १९८६, रविवार. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "हँगिंग गार्डन, सकाळी ७ ते ९. हळद्या, नर, १. विशेष काही नाही."

अरे, त्या सकाळी शेजारच्या डुंगरवाडीच्या, म्हणजे पारशी लोक प्रेतं गिधाडांसाठी ठेवत त्या जागेच्या, झाडांवर गिधाडं बसली होती! बसलेली असणारच, रोज असायची. लहानपणी आम्हाला सांगत, की गिधाडांच्या चोचीतून खालच्या पाण्याच्या टाकीत काही पडू नये म्हणून वर ही बाग केली. खरं-खोटं देव जाणे, पण अशी गोष्ट रचली जावी इतकी ती होती. एक माझ्या डोळ्यांसमोर आहे: उघडे पंख उन्हाला धरून बसलेलं, मानेला पिसं नाहीत, एखाद्या म्हाताऱ्याने धोतर वाळत घालावं तसं. पण किती होती? वीस? साठ? वहीत नाही. हळद्या आहे.

ती कधी गेली तेही मला सांगता येत नाही. नव्वदच्या दशकात एका रविवारी लक्षात आलं की वर आभाळात काहीच फिरत नाहीये, आणि ते बरेच महिने फिरत नसावं.

तिकडे भरतपूरला बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात केवलादेव राष्ट्रीय उद्यानातली गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. तीच, आपली नेहमीची गिधाडं. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली आणि १९९९ मध्ये छापून सांगितलं की ही संपत चाललीत. हातात जुना आकडा होता म्हणून बोलता आलं. २००४ मध्ये कारण सापडलं: गुरांना दुखण्यावर टोचतात ते डायक्लोफेनॅक. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. या सगळ्यात मुंबईच्या माझ्या वहीचा उपयोग शून्य. वीस वर्षांच्या रविवारांचा उपयोग शून्य.

तू म्हणशील, काका, तेव्हा तुमच्याकडे मोबाइल नव्हता. नव्हताच. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, धुवायचे पैसे वेगळे, आणि बँकेतल्या कारकुनाचा पगार. साध्या पक्ष्यावर फिल्म कोण घालवणार? हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय आणि ते खोटं नाही. पण पेन्सिलीला रोल लागत नव्हता. "गिधाडं, ४०" एवढं लिहायला किती वेळ लागतो? मला दुर्मिळ पाहणारा माणूस म्हणून मिरवायचं होतं, बस.

म्हणून सांगतो, साधं लिही.

आणि रानपिंगळ्याचं म्हणशील, तर त्याची गोष्टही साध्यावरच येते. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने सापडला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये तुमच्या तानसात. दिसतो कसा? साध्या पिंगळ्यासारखाच. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पाय जाड, आणि शेपूट झटकायची सवय. हे कुणाला कळेल? ज्याने गावातला साधा पिंगळा हजारदा नीट बघितलाय त्याला. तुला पहिल्या झटक्यात कळला तो कशामुळे? त्या पाहुण्यांना तो दहा फुटांवर असता तरी आधी तुझ्याकडेच वळून विचारावं लागलं असतं.

त्याची जागा मात्र कुणाला सांगू नकोस. आयनॅचरलिस्ट हे नोंदींचं ॲपसुद्धा अशा संकटग्रस्त जिवाचं नेमकं ठिकाण आपणहून झाकतं, आणि तू पाचशे रुपयांत ते तोंडाने उघडणार? स्पीकरवर त्याचा आवाज वाजवून बोलवायचा प्रकार तर तुझ्यासमोर कुणी केला तर गाडीत बसवून परत आटगाव स्टेशनला सोड. पैसे बुडतील. बुडू देत. (हे मला बोलायला सोपं आहे, पेन्शन येते. तरीही.)

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर यादी भरताना शेवटी विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? तू "नाही" दाबतोस, मी बघितलंय. का? कावळा लिहायचा कंटाळा म्हणून! "हो" म्हणता येईल अशी यादी कर. मगच तुझ्या यादीत जे नाही ते तिथे दिसलं नाही, असं कुणाला तरी म्हणता येतं. २०२३ चा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल ९४२ प्रजातींवर निघाला, तो लोकांच्या अशाच ३ कोटींहून जास्त नोंदींवर. आपला नीलपंख घटतोय हे त्यातूनच कळलं. हिवाळ्यात तुमच्या भाताच्या खाचरावर विजेच्या तारेवर बसतो तोच. तो तू लिहिलायस का? अकराशेंमध्ये मला दोनदाच दिसला. नव्हता की लिहिला नाहीस? बघ, आत्ताच सांगता येत नाहीये तुला.

तुझी आजी ज्या नावाने हाक मारते ते नाव शेऱ्यात लिही. "लोक हसतील" असं पुन्हा म्हणालास तर मी चिडेन. तुमच्या तानसा धरणाचं पाणी पिऊन म्हातारा झालोय, तेवढा हक्क आहे माझा.

आज संध्याकाळी गॅलरीत अर्धा तास बसलो. कावळे ११, पारवे ३८, घारी २, पोपटांचा एक थवा, अंदाजे १५. चिमणी नाही. तसंच लिहिलंय, चिमणी ०.

पत्र मिळालं की फोन कर. सकाळी सातनंतर, त्याआधी मी गॅलरीत असतो.

तुझा,
काका