घरामागच्या गोल्डनरॉडमुळे शिंका येतात का? उपटून टाकू का?

न्यू जर्सीतल्या नव्या घरामागे, कुंपणाला लागून पिवळ्या तुऱ्यांचं रान माजलंय आणि शेजारी शिंकांचं खापर त्यावर फोडतात, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून उपटू नका. पहिल्या वर्षी मीही सगळी उपटली होती. शिंका तशाच चालू राहिल्या.

शिंका येतात त्या रॅगवीडमुळे. दोन्ही ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतात, पण रॅगवीडची फुलं हिरवट, बारीक, त्यामुळे नजर जाते ती पिवळ्या तुऱ्यांवर. आपलं गाजर गवत आठवतंय ना? रॅगवीड त्याच्याच जवळच्या नात्यातलं, पानंही तशीच कातरलेली. त्याचे हलके पराग वाऱ्यावर मैलोन् मैल जातात. गोल्डनरॉडचे पराग जड आणि चिकट, ते माश्या-भुंग्यांच्या अंगाला लागूनच इकडचे तिकडे होतात. म्हणून आधी कुंपणाशी रॅगवीड आहे का ते बघा. ते एक वर्षाचं झाड, मुळासकट सहज निघतं. हातमोजे घालून फुलायच्या आधी, जुलैतच काढा. लांबून येणारे पराग मात्र थांबणार नाहीत, तेव्हा त्रास जास्त असेल तर अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्याच.

गोल्डनरॉड का ठेवायचं, ते सप्टेंबरअखेरीस सकाळी लवकर मागे जाऊन बघा. थंडीने गारठलेले केसाळ भुंगे तुऱ्यांना बिलगून निजलेले असतात, ऊन अंगावर आलं की एकेक हलू लागतो. मेक्सिकोला निघालेली मोनार्क फुलपाखरंही याच दिवसांत वाटेत या फुलांवर मध पिऊन घेतात. बाकी बरीचशी फुलं तोवर संपलेली असतात.

एक अडचण खरी आहे: काही जाती जमिनीखालून पसरतात. दर वसंतात कडेचे कोंब खणून काढा. जूनमध्ये झाड निम्म्यावर छाटलंत तर ते बुटकं, भरगच्च राहतं.

वाळलेले दांडे मात्र हिवाळ्यात कापू नका. एखाद्या दांड्यावर सुपारीएवढी गोल गाठ दिसेल. आत एका माशीची अळी असते, ती अंगातलं पाणी गोठूनही जगते. जानेवारीत आमच्याकडे छोटा सुतार पक्षी येऊन त्या गाठींना भोक पाडतो. टकटक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते.