लव्हेंडरचे तेल आणि मनावरचा ताण

प्रश्न : कामाच्या ताणामुळे मला रात्री झोप लागत नाही व छातीत धडधडते. डॉक्टरांनी त्यासाठी गोळ्या दिल्या आहेत. लव्हेंडर तेलाचे थेंब उशीवर टाकावेत आणि दोन थेंब पाण्यातून घ्यावेत, म्हणजे गोळ्यांची गरज उरणार नाही, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आहे?

उत्तर : उशीवर खुशाल टाका, पाण्यातून मात्र घेऊ नका आणि गोळ्या परस्पर बंद करू नका. अशा काही गोळ्या एकदम थांबवल्यास चिंता व निद्रानाश पूर्वीपेक्षा जोराने उलटतात.

परिचितांचा सल्ला अगदीच निराधार नाही. जर्मनीत ‘सायलेक्सन’ या प्रमाणित लव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलची चिंताविकाराच्या रुग्णांवर चाचणी झाली असून, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांनंतर तिचा परिणाम लोराझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाच्या अल्प मात्रेइतकाच दिसला. त्यात औषधविरहित गोळी घेणारा गट नव्हता, ही उणीव पुढच्या चाचण्यांत भरून निघाली. मात्र बहुतेक चाचण्यांमागे उत्पादक कंपनीच होती, हेही लक्षात ठेवावे. शिवाय मोजून भरलेली कॅप्सूल वेगळी आणि बाजारातली बाटली वेगळी. तेल पाण्यात मिसळत नाही, ते तवंगासारखे वर तरंगते आणि तोंडाच्या व घशाच्या नाजूक त्वचेला तीव्र स्वरूपातच लागते.

वासाचा परिणाम सौम्य असतो, पण तो निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे. गंधाचे संदेश नाकातून मेंदूच्या भावनांशी निगडित भागांपर्यंत फार थेट पोहोचतात. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी लव्हेंडरमधील लिनालूल या सुगंधी घटकाचा वास उंदरांना दिला, तेव्हा त्यांची भीती कमी झाली; घ्राणशक्ती नष्ट केलेल्या उंदरांवर मात्र काहीच परिणाम झाला नाही. माणसांवर असे प्रयोग करणे अवघड जाते, कारण आपल्याला खरे तेल दिले आहे की खोटे, हे वासावरूनच कळते. त्यामुळे मोठमोठ्या दाव्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

कापसावर एक-दोन थेंब टाकून झोपण्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश श्वास सोडत बसावे. अंगाला लावायचे असल्यास ३० मिलिलिटर साध्या तेलात दहा-बारा थेंबांहून अधिक घालू नये. हवा लागून जुने झालेले तेल त्वचेला ॲलर्जी करू शकते, म्हणून झाकण घट्ट लावावे. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. दमा किंवा गर्भारपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : घरात लहान मूल आणि मांजर आहे. डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारे उपकरण) लावावा का?

उत्तर : मांजर असलेल्या खोलीत नको. अशी सुगंधी तेले पचवून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते, आणि टी-ट्री तेल तर तिला विषासमानच आहे. बाटल्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवाव्यात. निलगिरी किंवा कापराचे तेल थोडेसे जरी पोटात गेले, तरी मुलांना झटके येऊ शकतात.